चार काड्या

नदीनं रेनडिअर गिळलं तेव्हा आवाजही फारसा झाला नाही.
बर्फ खचला, शिंगं एकदा वर आली,
मग खोगीर, बंदूक, कुऱ्हाड, पिठाची पिशवी,
सगळं तुंगुस्काच्या काळ्या पोटात.
अग्राफेना चापोगीर काठावर पालथी,
कमरेपर्यंत ओली, वय बावन्न.
तोंडातून पहिली निघाली ती शिवी.

मग कमरेला हात लावून पाहिलं.
सुरी आहे. पत्र्याचा पेला आहे.
काडतुसाच्या रिकाम्या नळीत,
राळेनं तोंड बंद केलेल्या,
चार काड्या.

काडीची किंमत नाही, असं म्हणतात लोक.
म्हणोत बापडे.

पहिली मोडली. हात थरथरत होते,
गूल उडून बर्फात गेला,
आणि ती वेड्यासारखी गुडघ्यांवर बसून
तो शोधत राहिली, थोडा वेळ.
दुसरी पेटली.
भूर्जाची साल आधी कुरकुरली, मग बोलू लागली.
खिशात वाळल्या चरबीचा तुकडा होता, नखाएवढा.
त्यातला अर्धा तिनं आगीला दिला.
आधी तिला, मग आपल्याला;
उपाशीपोटीही ही रीत मोडायची नसते.
सुरीचं टोकही तिच्याकडे करायचं नाही,
म्हातारीच्या डोळ्यांना लागतं.

पुढे चालणं.
भूर्जाच्या खोडावरचं कडक भूछत्र पेटवून
सालीच्या डबीत घातलं, छातीशी धरलं,
तान्ह्याला धरावं तसं,
फक्त या तान्ह्याला सारखी फुंकर लागते.
बर्फाखाली लाल आंबट फळं, मूठ मूठ.
बुटाच्या नाडीचा फास, त्यात एक पांढरं पाखरू,
तेही तिसऱ्या दिवशी, एकच.
खारीनं साठवलेल्या बिया सापडल्या
तेव्हा अर्ध्या तिथंच ठेवल्या.
नंतर रात्रभर त्या अर्ध्यांचा विचार.

चौथ्या रात्री तिला गाढ झोप लागली
आणि डबीतलं बाळ विझलं.
तिसरी काडी तिथं गेली.

पाचव्या दिवसाचं तिला नीट सांगता येत नाही.
लार्चची झाडं चालत होती, ती उभी होती, असं काहीसं.
उजवा हातमोजा कुठं पडला ते कळलं नाही.
इनोकेंती आठवला, शहरातला मुलगा.
‘ये ना इकडे,’ फोनवर म्हणाला होता,
‘बटण दाबलं की गॅस पेटतो,
काडीसुद्धा लागत नाही.’
ती मोठ्यानं हसली.
लांबवर एक कावळा दचकून उडाला.

सहाव्या दिवशी, कललेल्या उन्हात,
चार खांबांवर उभं लाकडी कोठार.
कुणाचं, ते इथं विचारत नाहीत.
शिडी म्हणजे खाचा पाडलेला ओंडका.
आत अस्वलाच्या नखांपासून वाचलेला पत्र्याचा डबा:
उंदरांनी कुरतडलेली बिस्किटं, मीठ,
चहाचा काळा तुकडा, विटेसारखा घट्ट,
आणि एकच हातमोजा. डाव्या हाताचा.
तिनं तो उलटा करून उजव्या हातात घातला.
अंगठा जरा चुकतो. चालतं.

घेतलंस तर ठेव.
काय ठेवणार?
सुरी नाही ठेवता येत. पेलाही नाही.
खाली शिडीपाशी डबी धुमसत होती, जिवंत होती.
तिनं नळी उघडली,
चौथी काडी उजेडात धरून पाहिली,
गुलावरून बोट फिरवलं, कोरडं होतं.
डब्यात मिठाशेजारी ठेवली,
गूल वरच्या बाजूला,
म्हणजे येणाऱ्याला अंधारातही चाचपता येईल.

दोन खाचा उतरली.
पुन्हा वर गेली.
काडी नाही उचलली, उचलावीशी मात्र वाटली.
त्याऐवजी मिठाची एक चिमूट जास्तीची घेतली,
झाकण दाबलं,
आणि खाली येऊन आधी फुंकर मारली.

वस्ती अजून दोन दिवसांवर होती.